दादा, शर्ट खाली घ्या
कमरेला रिव्हॉल्व्हर लावून फिरणाऱ्या एका भावी नेत्यास खुले पत्र

प्रति,
मा. दादा (नाव बॅनरवर आहेच),
भावी जिल्हा परिषद सदस्य, भावी सभापती, भावी आमदार,
मु. पो. प्रत्येक चौक, जि. हिंगोली.

विषय : रोज कमरेला लावायला परवडेल असे रिव्हॉल्व्हर निवडून ते नटवल्याबद्दल अभिनंदन.

दादा, स. न. वि. वि.

आपल्या कमरेला नवीन पाहुणा आल्याचे जिल्ह्याला कळले. कळवायची सोय आपणच केली होती. आधी स्टेटस आले, मग रील आली, मग वाढदिवसाच्या बॅनरवर आपला उजवा हात नेमका कमरेवर आला. हिंगोली जिल्हा 1 मे 1999 ला परभणीतून वेगळा झाला, तेव्हापासून आम्ही विकासाची वाट पाहत आहोत. तो असा नेत्याच्या पट्ट्यावरून उतरेल, याची कल्पना नव्हती.

आपण घाईत खरेदी केली, असा आरोप कोणी करू नये. पानटपरीवर तीन-चार महिने चर्चासत्र चालले होते, ते आम्ही शेजारच्या बाकावर बसून ऐकले आहे. पहिल्यांदा ‘निडर’चा विषय निघाला. इछापूरच्या सरकारी कारखान्याचे .22 बोअरचे, वजन अवघे पाव किलो. खिशाला परवडणारे होते, पण पाव किलोचा फुगवटा शर्टावरून दिसणार कसा? बाद. मग कानपूरचे ‘निर्भीक’. दिल्लीतल्या डिसेंबर 2012 च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर, महिलांच्या सुरक्षेसाठी म्हणून 2014 च्या जानेवारीत ते बाजारात आणले गेले. टायटॅनियमचा मिश्रधातू, वजन अर्धा किलो, किंमत त्या वेळी 1,22,360 रुपये आणि सोबत दागिन्याला असते तशी मरून रंगाची पेटी. ज्यांच्यासाठी ते काढले, त्यातल्या किती जणींच्या पर्समध्ये सव्वा लाख असतात, हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला होता. आपल्याला तो पडला नाही. आपण ‘बायकांचे आहे’ एवढेच म्हणालात आणि पान थुंकलात. ऑगस्ट 2023 मध्ये कानपूरहूनच ‘प्रबल’ आले, पन्नास मीटर मारा करणारे. तेही नको झाले, कारण आपल्याला मारा करायचा नव्हता, मारल्यासारखे दिसायचे होते. उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यात आता तयार होणाऱ्या ‘वेब्ली अँड स्कॉट’वर आपला जीव जडला होता. इंग्रजी नाव, जुना रुबाब. किंमत ऐकून जीव परत आला.

शेवटी स्वारी थांबली सरकारी .32 वर. सहा घरांची चक्री, तीन इंची नळी, वजन पाऊण किलोच्या आत-बाहेर. .38 आणि 9 एमएम सामान्य नागरिकाला वर्ज्य, परदेशी हत्यारांच्या आयातीचे दार 1980 च्या दशकातच बंद झालेले. त्यामुळे आपल्या स्वप्नांना आखून दिलेली हद्द एवढीच होती. त्यातच 22 सप्टेंबर 2025 पासून पिस्तूल-रिव्हॉल्व्हरवर 40 टक्के जीएसटी बसला. त्याच दिवशी ट्रॅक्टरवरचा 12 वरून 5 टक्क्यांवर आला. सरकारने इतक्या सोप्या भाषेत क्वचितच कोणाला सल्ला दिला असेल. आपण तो मानला नाही.

आता खर्चाचे बोलू. हळदीला क्विंटलमागे बारा हजार धरले, तर नुसत्या ‘निर्भीक’च्या जुन्या किमतीला दहा क्विंटल हळद जाते. आपण वसमतच्या मोंढ्यात वाढलात, म्हणून दहा क्विंटल म्हणजे काय ते आपल्याला सांगायला नको. बेणे लावायचे, नऊ महिने पाणी द्यायचे, खणून काढायची, कढईत उकडायची, पंधरा-वीस दिवस उन्हात वाळवायची, ढोलात घालून पॉलिश करायची आणि मग अडत्याच्या तोंडाकडे बघत बसायचे. आपल्या वडिलांनी हे सगळे केले. त्यांच्या पॉलिशने हळदीला भाव यायचा. आपल्या पॉलिशने कशाला भाव आला?

कारण त्यानंतर आपण नटवण्याचे मनावर घेतलेत. कारखान्यातून आलेली साधी मूठ आपल्याला आवडली नाही. तिच्या जागी कोरीव नक्षीची आली. नळीला चकाकी हवी होती, ती आली. पट्टा शिवून घेतला, त्यावर वाघाचे तोंड. टेलरकडे शर्टाचे माप नव्याने दिले. डाव्या बाजूला नेहमीसारखे, उजव्या बाजूला दोन बोटे आखूड. खाली वाकले की दिसावे आणि उभे राहिले की नुसते भासावे, असा तो हिशेब. टेलरने काही न बोलता मापे लिहून घेतली. त्याच्याकडे आधी आलेल्या दोघा भावी नेत्यांचीही मापे त्याच वहीत होती.

मूठ माणसाच्या तळव्याला बसावी, झटका आला तर हात वर उडू नये, बोट चापापर्यंत न ताणता पोचावे, हे तिचे काम. नक्षी त्यात फक्त घामाने गुळगुळीत होते. तीन इंची नळीवर दहा पावलांपलीकडे नेम धरायला सराव लागतो, आणि सरावाला काडतुसे लागतात. काडतुसांचा हिशेब परवान्याला बांधलेला असतो. आपली काडतुसे अजून डबीत जशीच्या तशी आहेत, हे आपल्याच माणसाने कौतुकाने सांगितले. म्हणजे जे वाजवायचे ते आपण एकदाही सरावासाठी वाजवले नाही, आणि जे नुसते दाखवायचे त्यावर सोनार, टेलर आणि चांभार अशी तीन माणसे लावलीत.

एक सावधगिरीची सूचना, तीही फुकट. नटवण्याच्या भरात कोणी आपल्याला नळी कापून आखूड करायचा किंवा अंगावरचे आकडे घासून गुळगुळीत करायचा सल्ला देईल. शस्त्र अधिनियम, 1959 मध्ये या दोन्हीसाठी स्वतंत्र कलमे आहेत, सहावे आणि आठवे. दुरुस्ती करणाऱ्यालाही परवाना लागतो. वेल्डिंगच्या दुकानात ट्रॉलीच्या हुकाशेजारी हे काम होत नाही.

आता मुद्द्याचे. परवान्याच्या अर्जात एक रकाना असतो, शस्त्र कशासाठी हवे. त्यात आपण लिहिले असणार, ‘जीवितास धोका’. दादा, धोका कोणापासून? आमच्या जिवाला धोके पुष्कळ आहेत. रात्रीची लाइट येते म्हणून अंधारात मोटार सुरू करायला गेलेल्या माणसाचा पाय सापावर पडतो. रानडुकरे एका रात्रीत वावर उलथवून जातात. जूनच्या पहिल्या पावसात वीज झाडाखालच्या गुराख्यावर पडते. बँकेची नोटीस तर बाराही महिने येते. यातल्या एकाही प्रकरणात .32 बोअर उपयोगी पडल्याचे ऐकिवात नाही. आपण मात्र रात्री बांधावर जात नाही, गुरे राखत नाही, आणि बँक आपल्याला नोटिशीऐवजी चहा पाठवते. तरी सबंध जिल्ह्यात सर्वांत जास्त धोका आपल्यालाच आहे, हे मान्य करायला आम्हाला थोडा वेळ लागतो आहे.

धोका आपल्यापासून इतरांना आहे, हे मात्र चटकन पटते. मागच्या महिन्यात औंढ्याच्या रस्त्यावर एका हॉटेलात आपण भजी खायला थांबलात. खुर्चीत बसताना टोचायला लागले म्हणून आपण ते काढून टेबलावर ठेवलेत, भज्यांच्या प्लेटीशेजारी. नळी बरोबर मोरीकडे, म्हणजे चहा घेऊन येणाऱ्या पोराच्या पोटाकडे. पोरगा चौदा-पंधरा वर्षांचा. तो दोन पावले अलीकडेच थांबला, टेबलाला वळसा घालून मागून आला आणि हात लांब करून कप ठेवून गेला. बशीत चहा सांडला म्हणून आपण त्याला शिवी दिलीत. शेजारच्या टेबलावरचे दोघे निम्मी मिसळ टाकून उठले. आपल्याला वाटले, दरारा.

शस्त्र नियम, 2016 मध्ये लिहिले आहे की सार्वजनिक ठिकाणी हत्यार न्यायचे तर पट्ट्यातल्या म्यानात न्यायचे, परजायचे नाही, आणि नियम मोडला तर परवाना जाऊ शकतो. भजी खाताना अपवाद, असे पोटकलम त्यात सापडत नाही.

आपल्या पंथातल्या थोरामोठ्यांचे अनुभव तरी पाहा. 1 ऑक्टोबर 2024 च्या पहाटे अभिनेते गोविंदा जुहूच्या घरी आपले परवान्याचे रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवत होते. ते हातातून सुटले, गोळी उडाली आणि त्यांच्याच पायात घुसली. जुन्या बनावटीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याखालचे घर रिकामे ठेवण्याची चाल याचसाठी पडली. त्याआधीच्या जुलैत मुळशीतल्या शेतकऱ्यांपुढे पिस्तूल नाचवणाऱ्या मनोरमा खेडकर यांची चित्रफीत राज्याने पाहिली. त्यांना पोलिसांनी महाडजवळून पकडले आणि परवाना रद्द करण्याचा आदेशही निघाला. 2 फेब्रुवारी 2024 ला उल्हासनगरात तर एका आमदाराने पोलीस ठाण्यातच, वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात, राजकीय विरोधकावर गोळ्या झाडल्या. सहाच दिवसांनी दहिसरमध्ये अभिषेक घोसाळकर यांना फेसबुकवर थेट प्रक्षेपण चालू असताना मारले गेले. ते पिस्तूल मारणाऱ्याच्या अंगरक्षकाचे होते आणि परवाना उत्तर प्रदेशातला. या चारही गोष्टींत हत्यार गावठी नव्हते, सगळे कागदपत्रांसह होते. आणि चारांपैकी एकातही त्याने कोणाचा जीव वाचवला नाही.

आपण म्हणाल, 2023 च्या ऑगस्टमध्ये आपल्याच हिंगोलीत, जिल्हा परिषदेच्या आवारात, एका पदाधिकाऱ्यावर दिवसाढवळ्या गोळीबार झाला, तो विसरलात का? नाही विसरलो. पण असा हल्ला करणारा आधी विषय आणि संदर्भ लिहून पत्र पाठवत नाही. बाबा सिद्दिकी यांना पोलीस संरक्षण होते, तरी 12 ऑक्टोबर 2024 च्या रात्री वांद्र्यात त्यांना मारले गेले. प्रशिक्षित माणसाच्या हाताला जे जमत नाही ते आपल्याला जमेल, आणि तेही आखूड शर्ट वर करून, नक्षीची मूठ चाचपून, वाघाच्या तोंडाचे बटण उघडून? मारेकरी तोवर थांबेल, एवढा तो सभ्य असता तर त्याने हा धंदा कशाला धरला असता?

आणि एक गोष्ट चेष्टेत सांगता येणार नाही, म्हणून सरळ सांगतो. 25 डिसेंबर 2024 ला हिंगोली शहरात एका पोलीस कर्मचाऱ्याने आपल्याच कुटुंबावर गोळ्या झाडल्या. पत्नी गेली, घरातली माणसे जखमी झाली. त्याला हत्यार हाताळायचे रीतसर शिक्षण होते. राग आलेला असताना हाताशी हत्यार असणे, एवढेच त्या घराला पुरले. आपल्या घरातही भांडणे होत असतील. आपल्या घरीही आठ वर्षांचा मुलगा आहे आणि रीलमध्ये तो आपल्या मांडीवर बसून त्या चकचकीत मुठीशी खेळताना दिसतो. त्या रीलला पुष्कळ बदाम आले. खाली एकानेही विचारले नाही की आत काडतूस आहे का.

खंडेनवमीला तर आपण कमालच केलीत. हिंगोलीचा दसरा मोठा, त्यामुळे तयारीही मोठी. आमच्याकडे त्या दिवशी विळा, खुरपे, टिकाव आणि वखराची पास धुऊन मांडतात. आपण पाटावर रिव्हॉल्व्हर मांडलेत आणि हळद-कुंकू वाहिलेत. हळद जिल्ह्याची, तेव्हा चिंता नाही. पण ते कुंकू चक्रीच्या खाचेत गेले, तेलात कालवले आणि त्याचा लगदा झाला. घोडा अडकायला लागल्यावर आपण ते तालुक्याच्या सायकलवाल्याकडे घेऊन गेलात, अशी वदंता आहे. खरी नसावी. सायकलवाला शहाणा आहे.

वरातीतल्या बाराचे काय करायचे ते आता ठरवा. 2019 मध्ये कायदा दुरुस्त झाला. एका माणसाला जास्तीत जास्त दोन हत्यारे, परवान्याची मुदत पाच वर्षे. आणि आनंदाच्या भरात लोकांचा जीव धोक्यात घालून गोळी झाडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आकाशात मारलेली गोळी आकाशात राहत नाही. मांडवाच्या पत्र्यावर, शेजारच्या गच्चीवर, नाहीतर पंगतीतल्या कोणाच्या तरी डोक्यावर ती उतरते. शिवाय औंढा तालुक्यात दुधाळ्याला 2,600 कोटींचा लायगो प्रकल्प उभा राहतो आहे. अब्जावधी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरे आदळली तर त्याची थरथर तिथे टिपली जाणार आहे. आपल्या पुतण्याच्या हळदीत झालेल्या बाराची नोंद जगाच्या विज्ञानात व्हावी, अशी आपली इच्छा असेल तर गोष्ट वेगळी.

खरे नुकसान अजून सांगायचे आहे. आपल्यामागे दहा पोरे बुलेटवर फिरतात. त्यांच्याकडे सव्वा लाख नाहीत, परवाना मिळण्याची शक्यता नाही, आणि आपल्यासारखी कंबर मात्र हवी आहे. त्यांच्यासाठी ‘परवडणारे’ म्हणजे गावठी कट्टा. तो मध्य प्रदेशच्या हद्दीवरच्या उमर्टीसारख्या गावातल्या भट्ट्यांतून निघतो. नोव्हेंबर 2025 मध्ये पुणे पोलिसांनी थेट तिथे जाऊन भट्ट्या मोडल्या, त्या काही शौकाने नाही. कट्टा कधी समोर फुटतो, कधी हातात. आणि विनापरवाना सापडला की किमान दोन वर्षे, जास्तीत जास्त पाच. आपल्या परवान्यामुळे आपण सुटाल. तुरुंगात जाईल ते आपली रील बघून कट्टा घेतलेले एकोणीस वर्षांचे पोरगे, आणि जामिनासाठी वावर विकेल त्याचा बाप. त्या दिवशी आपला फोन ‘कव्हरेज क्षेत्राबाहेर’ असेल.

मराठवाड्यातल्याच बीडने हे सगळे आपल्याआधी करून पाहिले. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची 9 डिसेंबर 2024 ला हत्या झाली, मग कमरेला पिस्तूल लावलेल्यांची आणि हवेत बार काढणाऱ्यांची एकेक चित्रफीत बाहेर आली. सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनी तेव्हा आकडे मांडले. बीडमध्ये बाराशेहून जास्त परवाने, परभणीत 32. दोन्ही जिल्हे मराठवाड्यातले, ऊस आणि कापूस पिकवणारे. परभणीकरांना जिवाची भीती कमी वाटते असे थोडेच आहे? फरक होता तो परवाने वाटण्यातला. बोभाटा झाल्यावर प्रशासनाने फायली उघडल्या आणि शंभराहून अधिक परवाने रद्द केले. म्हणजे ज्यांच्या जिवाला लेखी धोका होता, त्यांचा धोका एका सहीने संपला. रद्द झाल्यावर त्यांच्यावर हल्ल्यांची लाट आली, असेही काही ऐकू आले नाही.

आणि गंमत बघा. निवडणूक लागली की परवान्याची हत्यारे पोलीस ठाण्यात जमा करून घेतली जातात. म्हणजे ज्या दीड महिन्यात आपण सर्वांत जास्त लोकांत फिरता, सर्वांत जास्त शत्रू करता, त्याच काळात आपली कंबर मोकळी असते. तरी आपण प्रत्येक वेळी सुखरूप घरी परतता. मग उरलेली जवळजवळ पाच वर्षे ते लोखंड कशासाठी बाळगायचे?

याच वसमतच्या मातीत रझाकारांशी लढताना बहिर्जी शिंदे हुतात्मा झाले. त्यांच्या नावाची शाळा आहे, कॉलेज आहे. त्या काळात हत्यार हातात धरले ते निजामाच्या जुलमापुढे, आणि जीव गेला तो गावाच्या कारणी. आपण कोणासमोर धरले आहे? चहा आणणाऱ्या पोरासमोर.

तेव्हा दादा, एक करा. पुढच्या सोमवारी गाडी काढा, हिंगोलीच्या जिल्हाधिकारी कार्यालयात जा आणि परवाना परत करायचा अर्ज द्या. त्याचीही रील करा, आम्ही बदाम देऊ. आपल्याच्याने ते होणार नाही, हे धरूनच एक विनंती जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांना करतो. बीडमध्ये ओरड झाल्यावर जे केले गेले, ते हिंगोलीत ओरड व्हायच्या आधी करा. एकेक परवाना काढा, ‘जीवितास धोका’ असे लिहिलेल्या रकान्यापुढे ‘कोणापासून’ असे विचारा, आणि उत्तर मिळाले नाही तर तो रद्द करा.

आणि वाचकहो, तुमच्या घरच्या लग्नात कोणी कमरेला हात घातला तर टाळ्या वाजवू नका, मोबाइल वर धरू नका. पोरांना घेऊन आत जा आणि 112 लावा.

आपला,
हिंगोली जिल्ह्यातला एक बिनपरवाना, बिनहत्यारी मतदार